सौद्याचं फडकं

भीमपूर
१२ जानेवारी २०२५

दामिनी,

जय भीम. तुझ्या घरात हे चालत नसेल तर पत्र इथंच मिटव, कारण पुढचं तर मुळीच चालणार नाही.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. लिफाफ्यावरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आपण, तेव्हाही तुझी अक्षरं अशीच एका बाजूला कलायची. वर्गातल्या पोरांना गणितं घातली आणि वाचलं. तू लिहितेस, बाबा फार थकलेत, झोप लागत नाही, सारखं नागेशदादाचं नाव घेतात. मी एकदा फोनवर नुसतं ‘माफ केलं’ म्हटलं की ते सुखानं डोळे मिटतील. खाली फोन नंबर दोनदा लिहिला आहेस. एकदा लिहिला असता तरी वाचता आला असता.

मी फोन करणार नाही. फोनवर माणसं रडतात, आणि रडलं की बोलून झालं असं समजतात. तुला काय सांगायचं ते कागदावर सांग, मीही कागदावरच सांगीन. मागं-पुढं दोघींनाही ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणता येऊ नये.

तुझ्या पत्रात ‘ते जे काही झालं’ असे शब्द आहेत. ते जे काही झालं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. एक्याण्णव सालच्या मार्चात, पहाटे, पैनगंगेच्या वाळूत आमच्या टरबुजाच्या वाडीवरून पोलिसांनी माझ्या भावाला नेलं. नागेश चोवीस वर्षांचा होता. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी वाढवून मागणं आणि तुझ्या बाबांच्या दुकानातला काटा चार लोकांसमोर तपासणं, हे त्याचे गुन्हे. तो परत आला नाही. प्रेतही आलं नाही. पोलीस कॅम्पातले साहेब म्हणाले, आम्ही नेलाच नाही, तो जंगलात अण्णांच्या, नक्षल्यांच्या, दळमात पळाला. आणि तो पळालाय म्हणून त्याचा पत्ता विचारायला आमच्याच घरी येत राहिले. माझ्या बापाला, मोतीरामला, कॅम्पात नेऊन तळपायांवर मारायचे. “पोरगं कुठं हाय सांग.” ज्यांना माहीत होतं ते ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मारून विचारत होते. बाप त्यातच खचून गेला. तुम्ही त्याच वर्षी दुकान विकून नांदेडला गेलात.

आता सांग, माफी कशाची? तुझ्या बाबांनी, मारोतकाकांनी, काय केलं? गाव कुजबुजतं, पण कुजबुजीला मी माफी देत नाही. आणि ती द्यायची झाली तरी मी कोण? ती मायची आहे. माय, रुक्माबाई, शहाऐंशीची झाली. ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं ते तिला बरोबर ऐकू येतं. नागेशचं पुण्यानुमोदन, गेलेल्याच्या नावानं करायचा विधी, तिनं आजपर्यंत करू दिलं नाही. “कोनी पाह्यलं का त्याले मेलेला?” एवढंच विचारते, आणि भंतेजी आल्या पावली परत जातात.

तुझ्या बाबांनी पाहिलं असेल तर तसं सांगावं.

प्रगती


भीमपूर
२ फेब्रुवारी २०२५

दामिनी,

मी दगड झाले आहे म्हणतेस. शाळेत पोरांना करुणा शिकवते आणि स्वतः म्हाताऱ्या माणसाला छळते म्हणतेस. बरं झालं तू सांगितलंस, नाहीतर करुणा म्हणजे काय हे मला कोणाकडून कळलं असतं? तुमच्या ओसरीवर माझ्यासाठी वेगळा पेला असायचा, खुंटीला अडकवलेला. तू मात्र आईची पाठ वळली की तुझ्या पेल्यातलं पाणी मला द्यायचीस. ते मी विसरले नाही, म्हणून तर उत्तर लिहिते आहे.

बाबा काय म्हणाले ते तू लिहिलंस. कॅम्पातल्या लोकांनी त्यांना उचलून नेलं, जंगलात तांदूळ पोचवतोस म्हणून दम दिला, उन्हात उभं केलं, दुकान जाळतो म्हणाले. मग ते बोलले. काय बोलले? तर नागेश नदीत झोपतो, एवढंच. ‘एवढंच’च्या खाली तू रेघ मारली आहेस.

ते घाबरले असतील, यावर माझा विश्वास आहे. त्या वर्षांत कोण घाबरत नव्हतं? जीपचा आवाज आला की चुलीवरचं तसंच टाकून बाया पोरांना पोटाशी धरायच्या. पण दामिनी, नागेश नदीत झोपतो हे कॅम्पाला सांगायला मारोतकाका कशाला हवेत? ते गुरं राखणाऱ्यालाही माहीत होतं. टरबूज धरलं की ते कोल्ह्यांपासून राखायला प्रत्येक घरचा एक माणूस वाळूत झोपतोच.

तू कधी पहाटे नदीत आली नाहीस, म्हणून सांगते. त्या वर्षी पार पैलतीराच्या महाराष्ट्रापर्यंत खोप्याच खोप्या होत्या. सगळ्या तुराट्यांच्या, सगळ्यांवर पळसाचा पाला. आम्हालाच अंधारात आपली खोपी चटकन सापडायची नाही. साहेब बाहेरचा, शिपाई बाहेरचे. तरी त्यांनी एकही दुसरी खोपी उघडली नाही, कोणाला उठवलं नाही, विचारलं नाही. सरळ आमच्या खोपीशी आले. शेजारच्या वाडीवरच्या वामनरावांना जाग आली ती जीप चालू झाल्यावर.

त्यांना खोपी कोणी दाखवली? बाबांना एवढं एकच विचार. आणि उत्तराखाली रेघ मारू नकोस.

प्रगती


भीमपूर
२० फेब्रुवारी २०२५

दामिनी,

फडकं.

तुझं पत्र वाचून मी वर्गातून बाहेर आले आणि नळाखाली डोकं धरलं. पोरं खिडकीतून बघत होती. बघू देत.

तुला हे लिहिताना त्याचा अर्थ कळला नसेल. ‘बाबा म्हणतात, त्यांनी खोपीवर फडकं बांधलं होतं, त्यावरून ते गेले,’ असं तू एका ओळीत लिहून पुढं त्यांच्या रक्तदाबावर आलीस. तू दुकानाच्या बाजूची, तुला वाडीचं काय ठाऊक. मी सांगते.

आमच्या नदीत सौदा तोंडी होतो. व्यापारी वाडी फिरून बघतो, भाव ठरतो, आणि तो आपल्या हातानं खोपीच्या मेढीला, पुढच्या खांबाला, फडकं बांधतो. फडकं दिसलं की दुसरा व्यापारी त्या वाडीत पाय ठेवत नाही. आणि वाडीवाला त्या दिवसापासून एकही टरबूज तोडत नाही, विकायलाही नाही आणि पोराच्या तोंडात घालायलाही नाही. माल व्यापाऱ्याचा झाला. शेवटची गाडी भरली की ज्यानं बांधलं तोच ते सोडतो. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

नागेशला नेलं त्याच्या आदल्या दुपारी तुझे बाबा वाडीवर आले. टरबुजं अजून मुठीएवढी होती. नदीत कोणाचाच सौदा झाला नव्हता. त्यांनी बघितल्यासारखं केलं, नागेशशी भाव केला, चांगला केला, आणि आपल्या दुकानातल्या मांजरपाटाची पट्टी मेढीला बांधली. माय घरी येऊन नाचायची बाकी होती. “मारोतरावानं सगळ्याच्या आधी आपली वाडी धरली.” काटा तपासल्याचा राग त्यांनी मनात ठेवला नाही, म्हणून तिनं त्यांना आशीर्वाद दिले. मी ऐकलेत ते आशीर्वाद.

सगळ्या नदीत एकच फडकं. पांढरं. पहाटेच्या उजेडात काठावरून दिसेल असं.

आणि आता पुढचं ऐक, हे तुझ्या बाबांनाही माहीत नसेल. नागेशला नेल्यावर वाडी पिकली. अशी पिकली की लोक बघायला येत. आमच्या घरात दाणा नव्हता. बाप कॅम्पातून आल्यापासून अंथरुणावर. यवतमाळचा एक व्यापारी दोनदा आला. मायनं त्याला उभं केलं नाही. “सौदा झाला हाय. फडकं बांधून हाय. शब्द देल्ला तो देल्ला.” बाया म्हणाल्या, रुक्मे, मारोतराव नांदेडला गेला, तो काही येत नाही. माय म्हणाली, “येईन. त्याचा माल हाय, काऊन नाई येईन?” टरबुजं उन्हानं तडकली, कोल्ह्यांनी फोडली, वाळूत लाल चिखल झाला. आम्ही भावंडं वास घेत बसून राहिलो, एक फोड तोंडात घातली नाही. नदीला पाणी यायच्या आधी बापानं कसंबसं उठून खोपी मोडली. फडकं सोडायला त्यानं हात घातला तर माय ओरडली. मग त्यानं मेढ तेवढी वरून कापली आणि तो तुकडा घरी आणला. आजही आमच्या घरात कोपऱ्यात उभा आहे, फडक्यासकट, गाठीसकट.

ज्या माणसानं तिचं पोरगं दाखवून दिलं त्या माणसाचा माल ती राखत बसली. उपाशी राहून राखत बसली.

मायला सांगू की नको, असा प्रश्न मला पडला, पण फार वेळ नाही. चौतीस वर्षं सगळ्यांनी तिच्यापासून लपवलं, त्यांच्या रांगेत मी बसणार नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ती उठली, कोपऱ्यातल्या मेढीजवळ गेली, गाठ चाचपली. मग म्हणाली, “त्याले आन. फडकं त्यानं बांधलं, त्यानंच सोडावं. नदीत. सगळ्याईसमोर.”

हे मायचं उत्तर. माझंही तेच.

प्रगती


भीमपूर
९ मार्च २०२५

दामिनी,

नाही.

आम्ही नांदेडला येणार नाही. बंद खोलीत, तुझ्या सोफ्यावर बसून, चहा पीत काही ऐकणार नाही. ते चौऱ्याऐंशीचे आहेत हे मान्य. माय त्यांच्याहून मोठी आहे आणि ती वाळूतून चालत येणार आहे. वाळूत चालवत नसेल तर खुर्ची देऊ, गाडी काठापर्यंत येते, चार माणसं उचलून नेतील. पोलीस नागेशला असंच चौघांनी धरून नेत होते का, तेही बाबांना विचारता येईल.

लोक शिव्या देतील याची भीती तुला वाटते. देतील. मी कोणाचं तोंड धरणार नाही. पण अंगाला हात लावू देणार नाही, हा माझा शब्द. आमच्या घरचा शब्द किती टिकतो ते तुला मागच्या पत्रात कळलंच आहे.

घराण्याचं नाव जाईल म्हणतेस. आमचं नाव काय झालं होतं? ‘नक्सल्याची बहीण’ म्हणून माझी नोकरी अडवली होती. मी तेच नाव घेऊन हैदराबादपर्यंत गेले आणि नोकरी घेऊनच आले. नाव जात नाही ग. माणूस त्याच्यामागं लपतो तेवढाच त्रास.

आणखी एक. आदिलाबादला तेजस्विनी नावाची तरुण वकील आहे. ज्यांची पोरं त्या वर्षांत अशी गेली त्यांच्या बाजूनं ती हायकोर्टात भांडते आहे. तिच्याकडं आया आहेत, बहिणी आहेत, पाहिलेलं सांगणारा एकही माणूस नाही. तीही त्या दिवशी नदीवर असेल. मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको. फसवून बोलावण्याची पद्धत आमच्या घरची नाही.

रविवारी, तेवीस तारखेला. सकाळी. ऊन असताना.

प्रगती


भीमपूर
२४ मार्च २०२५

दामिनी,

तू आली नाहीस. तुझा भाऊ संतोष बाबांना घेऊन आला, आणि त्यानं तुला फोनवर काहीतरी सांगितलंच असेल. पण तो बराच वेळ गाडीत बसून होता. म्हणून मी लिहिते.

धरणामुळं नदीत आता पहिल्यासारखी वाळू उघडी पडत नाही. चार-पाच वाड्या उरल्यात, त्यातली एक मायची. वामनरावांचा भूषण राबतो आणि माय खुर्चीवर बसून त्याच्यावर ओरडते. काल तिथं सगळं गाव आलं होतं. आमच्या वस्तीतले, तुमच्या गल्लीतले, बाया कडेवर पोरं घेऊन. मायनं तो मेढीचा तुकडा आणला होता. भूषणनं तो वाळूत रोवला.

तुझ्या बाबांना खुर्ची दिली. त्यांनी घेतली नाही. काठी टेकून उभे राहिले. आवाज बारीक, पण लोक जवळ सरकले, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

म्हणाले, “मी भेलो होतो, हे खरं हाय. पन नुसता भेलो म्हनून नाई केलं. माह्या मनात राग बी होता. या पोरानं माहा काटा लोकाईसमोर तपासला होता. सायबानं इचारलं, खोपी कशी वळखाची? फडक्याची अक्कल माहीच होती.”

हे त्यांनी तुला सांगितलं नव्हतं ना? मलाही अपेक्षा नव्हती. सगळे जण भीतीपाशी थांबतात. ते पुढं गेले. तेवढ्यापुरतं मी त्यांच्याकडं नीट बघितलं.

मग पहाटेचं सांगितलं. साहेबानं त्यांना काठावर जीपजवळ उभं केलं होतं, फडकं चुकू नये म्हणून. शिपायांनी नागेशला बाहेर ओढलं, हात मागं बांधले आणि काठावर आणलं. उजाडत होतं. नागेशनं त्यांना बघितलं.

इथं त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं, आमच्याच तांब्यातलं. घटाघटा प्यायले.

“त्याले वाटलं,” ते म्हणाले, “मले बी धरून आनलं. मले म्हने, ‘काका, तुमाले काऊन आनलं?’ आन् सायबाले म्हने, ‘साब, इनकू छोड दो, ये तो दुकानदार हैं, इनका कुछ नहीं.’ माह्यासाठी बोलला तो. हात बांधून हायेत, आन् माह्यासाठी बोलून राह्यला. मी आयकलं. मी मान खाली घातली. मंग त्याले डोहाकडं नेलं. दोन आवाज झाले. जीपमंदी टाकला. जीप जंगलाकडं गेली. पुढचं मले मालूम नाई. मी त्याले मेलेला पाह्यलं.”

साहेबाचं नावही सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, ते जिथं लिहायचं तिथं लिहिलं जाईल.

मी रडले. लपवून काय करायचं? चौतीस वर्षं मी माझ्या मनात त्या पहाटेचे शंभर प्रकार केले होते. एकाही प्रकारात नागेश तुझ्या बाबांना वाचवत नव्हता. तो तसाच होता ग, मूर्ख आणि मोठा. मला त्याचा एवढा अभिमान वाटला की रागाला थोडा वेळ जागाच उरली नाही.

मायला मी कानाशी एकेक वाक्य सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बोट मेढीकडं केलं. “सोडा.”

गाठ सुटेना. इतक्या वर्षांची ती, वाळून लाकूड झालेली. ते वाळूत बसले. नखं लावली. संतोष आला, खिशातून पातं काढलं. माय म्हणाली, “पातं नोको. हातानं बांधलं, हातानं सोडा.” संतोष मागं सरला. तुझे बाबा गाठीवर पाणी शिंपडत, ओढत, परत शिंपडत बसले. ऊन चढलं. एकही माणूस उठून गेला नाही. शेवटी एकदाची सुटली. बाहेरून ती पट्टी धुरानं काळी झालेली, पण गाठीच्या आत कापड अजून पांढरं होतं. त्यांनी ते मायच्या हातात दिलं आणि तिच्या पायांशी डोकं टेकायला वाकले. मायनं पाय मागं घेतले.

“सौदा सुटला,” ती म्हणाली. “आता वाडी माही.”

आणि तिनं विळा मागितला. पहिलं टरबूज स्वतः तोडलं, खुर्चीवर बसून मांडीवर धरून कापलं. सगळ्यांना फोडी वाटल्या, पोरांना, शिव्या देणाऱ्यांना, तेजस्विनीला, तुझ्या भावालासुद्धा. तुझ्या बाबांनी हात पुढं केला. बहुतेक त्यांच्या नकळत.

“तुमाले नाई,” माय म्हणाली. “अजून नाई. गावाले सांगितलं, बरं केलं. आता आदिलाबादले जा. जजसायबापुढं हेच बोला, राग बी सांगा, सायबाचं नाव बी सांगा. मंग या. वाडी अजून महिनाभर हाय.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी म्हणायला लावणार नाही, आणि तूही तिला सांगू नकोस. पण रात्री जेवताना तिनं स्वतःहून विषय काढला, की भंतेजींना बोलाव, नागेशचं पुण्यानुमोदन करू. एवढं तिला मिळालं. तुझ्या बाबांनी दिलं, हेही मी लिहून ठेवते.

सात एप्रिलला त्यांचा जबाब आहे. तेजस्विनीनं आज सकाळीच अर्ज केला, हायकोर्टातल्या खटल्यासाठी तो आदिलाबादच्याच कोर्टात नोंदवतील. संतोष म्हणतो, तब्येत बघून ठरवू, कोर्टाच्या भानगडीत पडायचं का ते बघू. त्याला सांग, बघायची वेळ गेली. कॅम्पातले साहेब आता पेन्शनीत असतील, नातवंडांत असतील. त्यांना रात्री कोणाचं नाव आठवत नसेल. आठवण करून द्यायला एकच माणूस जिवंत आहे, आणि तो तुझ्या घरात झोपतो. मी त्याला मरू देणार नाही, माफीशिवाय तर नाहीच आणि जबाबाशिवाय तर मुळीच नाही.

या वेळी संतोषला नको, तू ये. सकाळच्या गाडीनं निघा. मी आदिलाबादच्या स्टेशनवर उभी असेन. ओळखशील, केस पांढरे झालेत, बाकी तशीच आहे. एक हात तू धर, दुसरा मी धरीन. त्यातून माफीबिफी काढू नकोस. कोर्टाच्या पायऱ्या उंच आहेत म्हणून.

आज शाळा सुटल्यावर नदीत गेले होते. मायनं खोपीच्या सावलीत ओली वाळू उकरून एक टरबूज पुरून ठेवलंय, गार राहावं म्हणून. चांगलं मोठं. कोणासाठी गं, असं विचारलं तर भूषणवर ओरडायला लागली. परत विचारलं तेव्हा म्हणाली, “पाहू, बोलते का तो.”

प्रगती